अर्धं बावखल

चैत्र लागला की माझी पिशवी बदलते. कागदपत्रांची जाडजूड पिशवी खुंटीवर जाते आणि कापडी पिशवी खाली उतरते. तिच्यात टोपी, पाण्याची बाटली, एक जुना टॉवेल, पायात घालायचे कॅनव्हासचे बूट आणि वर्गातल्या मुलांसाठी चिक्की. काय काय घ्यायचं ते मी आदल्या संध्याकाळी कागदावर लिहिते आणि घेतलं की खूण करते. घरचे हसतात, पण बाटली विसरल्यावर माझ्याचकडे येतात.

यंदाही तशी पिशवी भरून निघाले. चर्चच्या मागून वाड्यांकडे वळणारा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना केळी आणि जास्वंदीची कुंपणं. त्या वळणावर वास आला. ओल्या गाळाचा. थोडा माशाचा, थोडा कुजक्या पानाचा, आणि त्याखाली कुठेतरी गारवा असलेला. ज्यांना तो नवा आहे ते नाकाला रुमाल लावतात. मी थांबले आणि दीर्घ श्वास घेतला. या वासाबरोबर मला दर वर्षी एकच उन्हाळा आठवतो, आमच्या पहिल्या वर्गाचा.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. नवऱ्याच्या नोकरीपायी वसई रोडला फ्लॅट घेतला आणि इथलेच झालो. गावाकडे पाणी विहिरीत असायचं किंवा धरणात. इथे ते वाडीच्या मधोमध, कुणाच्या घराच्या मागच्या दारी, बावखलात असतं. बावखल म्हणजे वाडीसाठी खणलेलं तळं. काठाला उंबर, उतरायला दगडी पायऱ्या, पाण्यावर शेवाळाची हिरवी साय. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आणि उन्हाळ्यात जमीन ते हळूहळू परत देते. समुद्र इतका जवळ असून इथल्या विहिरी गोड राहिल्या, त्यात या तळ्यांचा वाटा मोठा. आता त्यातली कितीतरी बुजली. कुठे इमारत उभी आहे, कुठे नुसताच राडारोडा.

मुंबईत वर्तमानपत्राच्या टेबलावर बरीच वर्षं काढून मी बाहेर पडले आणि हा वर्ग सुरू केला. वसईपासून विरारपर्यंतचे फोटोग्राफर आणि बातमीदार एकत्र आणायचे आणि आपल्या भोवतालच्या पाण्याची, झाडांची, जमिनीची गोष्ट कशी सांगायची ते शिकायचं. शिकवायचं असं मी म्हणत नाही, कारण त्या पहिल्या वर्षी कोण कुणाला शिकवत होतं याचा हिशेब अजून लागलेला नाही. होळी झाली की वर्ग भरतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. एका वाचनालयाचा वरचा हॉल मिळतो. पंखा आवाज करतो, पण फिरतो.

पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला सांगितलं होतं, तुमच्या मते पर्यावरणाचा आहे असा एक फोटो घेऊन या. सगळ्यांनी आणला. भिंतीवर लावले तर काय, सगळी भिंत दुःखाने भरून गेली. मेलेले मासे, प्लास्टिकचा ढीग, काळा नाला, भेगाळलेली जमीन, पुन्हा मेलेले मासे. एकच फोटो निराळा होता. समुद्रकिनाऱ्यावर उभी असलेली नवरी, डोक्यावरचा पदर वाऱ्याने उडालेला.

"हा कुणाचा?"

मागच्या बाकावरून एक उंच मुलगा अवघडून उठला. तन्मय. विरारच्या मनवेलपाड्यात राहतो, लग्नांचे फोटो काढतो. "माझा, मॅडम. माझ्याकडे फक्त नवऱ्याच आहेत."

हॉल खदखदून हसला. मी मात्र तो फोटो खाली काढून सगळ्यांपुढे फिरवला. नवरीच्या मागे सुरूची झाडं होती आणि त्यांची मुळं उघडी पडून हवेत लोंबत होती. समुद्राने खालची वाळू नेली होती. इतक्या फोटोंमध्ये किनारा खचल्याचा हा एकच फोटो होता आणि तो काढणाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता.

"च्यायला," तन्मय म्हणाला, आणि मग जीभ चावली.

त्याच्या शेजारी बसलेली रुबिना म्हणाली, "अरे, तू तर छुपा रुस्तम निकला." रुबिना नालासोपाऱ्याची. मोबाइलवर स्वतःचं छोटं बातम्यांचं चॅनल चालवते. मराठी झरझर बोलते, मध्येच हिंदीत शिरते आणि परत येते, दोन खोल्यांच्या घरात वावरावं तशी. त्या दिवसापासून दोघांची जोडी जमली. तो टिपणार, ती लिहिणार.

*

जसिंता टीचर आमच्या वर्गात पहिल्या आठवड्यात आल्या. शाळेतून निवृत्त, पांढरे केस घट्ट बांधलेले, बोलताना समोरच्याकडे अशा बघतात की नकळत पाय जुळवून उभं राहावं. घरच्यांशी त्या आपल्या बोलीत बोलतात आणि आमच्याशी पुस्तकातल्या मराठीत. त्यांच्या घरामागे बावखल आहे. भावाबहिणींच्या पाच घरांचं सामाईक. काही वर्षांनी एकदा ते साफ करायचं असतं आणि त्या उन्हाळ्यात ते काम निघालं होतं.

"बघायला या," त्या म्हणाल्या. "पण नुसते मोबाइल घेऊन येऊ नका. डोळे पण आणा."

ती रीत मला फार आवडते. आधी पंप लावून पाणी वाडीला सोडायचं. पाणी घोट्याएवढं राहिलं की मासे धरायचे आणि पाचही घरी सारखे वाटायचे, कोण राहतं आणि कोण परदेशी आहे हे न पाहता. परदेशातल्यांचा वाटा शेजारी खातात. पण सगळे मासे धरत नाहीत. एका कोपऱ्यात छोटा खड्डा खणून त्यात पाणी ठेवायचं आणि थोडे मरळ, थोड्या शिंगट्या, सापडलेली कासवं त्यात सोडायची, पुढच्या पाण्यासाठी. मग उरलेला तळ उन्हात वाळू द्यायचा. ओला गाळ उचलवत नाही. वाळून त्याला भेगा पडल्या की कुदळ लागते, मग घमेली भरून तो केळीच्या बुंध्याशी टाकायचा.

टीचरांनी सगळं आखलं होतं. पवित्र सप्ताहाच्या आधी पाणी काढायचं, सप्ताहात तळ वाळेल, आणि ईस्टर झाल्यावर सोमवारी कुदळ लावायची. चर्चचं पंचांग आणि गाळाचं पंचांग त्यांनी एकमेकांत असं बसवलं होतं की मला त्यांचा हेवा वाटला.

आता होतं असं, की गुड फ्रायडेच्या दुपारी अख्खं गाव चर्चमध्ये असतं. दारं लोटलेली, रस्त्यावर सायकलही नाही, घंटासुद्धा त्या दिवशी वाजत नाहीत. नेमके त्या दुपारी, दुसरी सुट्टी नाही म्हणून, तन्मय आणि रुबिना बावखलावर पोचले. दोघांनाही त्या दिवसाची रीत ठाऊक नव्हती. त्यांना काय दिसलं? रिकामं तळं. तळाला हातभर लांब भेगा. काठावर उलटी पडलेली बादली. हाका मारल्या तर कुणी ओ देईना. घराघरांना कड्या.

तन्मय पोटावर झोपला आणि भेगांच्या पातळीवरून त्याने फोटो घेतला. भेगा पुढे मोठ्या, मागे बारीक होत पायऱ्यांपर्यंत गेलेल्या, आणि वर पांढरं आभाळ. रुबिनाने खाली लिहिलं, 'वसईचं आणखी एक बावखल मेलं. पाणी गेलं, मागोमाग गावही गेलं.' आणि दुसऱ्या दिवशी चॅनलवर टाकून दिलं.

फोटो अप्रतिम होता. आजही तसंच म्हणेन. तो पसरला, आणि पसरताना त्याच्याखाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागत गेली.

ईस्टरच्या सकाळी मला टीचरांचा फोन. "ताई, सणाच्या शुभेच्छा. एक विचारायचं होतं. आमच्या बावखलाचं मयत कधी झालं? गुड फ्रायडेला घंटा वाजत नाही, म्हणून आम्हाला कळलंच नाही वाटतं."

त्या हसत होत्या. मीही हसले. सोमवारी कुदळ लागली, गाळ निघू लागला, आणि आम्हाला वाटलं की विषय संपला.

*

विषय संपला नव्हता. पाच घरांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यात टीचरांची धाकटी बहीण फिलोमिना कॅनडात, एक पुतण्या कुवेतला, काही जण मुंबईत, आणि दुसरा पुतण्या डॉमनिक इथेच, वसई रोडला फ्लॅटमध्ये. डॉमनिक कधीपासून म्हणत होता की बावखल भरून टाकू, रस्त्यालगतची जागा आहे, बाजूच्या लग्नाच्या हॉलला पार्किंगसाठी भाड्याने देऊ. त्याला कुणी हो म्हणत नव्हतं आणि नाहीही म्हणत नव्हतं. दूर गेलेल्या माणसांना घरच्या पाण्याबद्दल मत द्यायला संकोच वाटतो. मग त्या ग्रुपवर तन्मयचा फोटो येऊन पडला. खाली कुवेतहून, 'मेलंच आहे तर भरून टाका.' त्याखाली अंगठा. मग आणखी एक अंगठा. पूर्वी जमिनीच्या कागदावर अंगठा उठवायला शाईत बोट बुडवावं लागायचं, साक्षीदार लागायचे. आता चहा पिता पिता होतं. शेवटी कॅनडाहूनही अंगठा आला.

गाळ काढण्याचं काम थांबलं. भरून टाकायचंय तर साफ कशाला करायचं, असं डॉमनिकने कामावरच्या माणसांना सांगितलं आणि ती दुसऱ्या वाडीत निघून गेली. तोवर पायऱ्यांकडचा अर्धा भाग खोल निघाला होता. उरलेला अर्धा तसाच, भेगाळलेला. पाऊस येण्याआधी बैठक बसणार होती आणि तिथे भरायचं पक्कं झालं, की लगेच राडारोड्याच्या गाड्या येणार होत्या.

टीचरांचा पुन्हा फोन आला. या वेळी त्या हसत नव्हत्या. "माझ्याच्याने पाच घरांशी भांडण होणार नाही, ताई. माझं घर एकच आहे."

त्या दिवशी मी वर्गात सगळं सांगितलं. रुबिनाने मोबाइल पुढे केला. "डिलीट करते मॅडम. आत्ताच्या आत्ता."

"करू नकोस. कुवेतच्या माणसाच्या मोबाइलमधून कसं पुसशील?"

तन्मय मान खाली घालून बसला होता. तो म्हणाला, "पण मॅडम, फोटो खोटा नाहीये. मी काही हलवलं नाही, काही लावलं नाही. होतं तेच काढलं."

त्याचं म्हणणं खरं होतं. म्हणूनच अवघड होतं. खोट्या फोटोवर बोलायला मला अर्धा तास पुरला असता. मी पिशवी उचलली आणि दोघांना घेऊन टीचरांकडे गेले.

टीचरांनी त्यांना ओरडा दिला नाही. काठाकाठाने चालत कोपऱ्यात नेलं. तिथे उंबराच्या सावलीत तो खड्डा होता. पाण्यात मरळीची काळी पाठ वळली, एका कासवाने डोकं वर काढलं आणि आम्हाला पाहून आत घेतलं.

"हे तुझ्या फोटोत का नाही रे?"

"टीचर… त्या बाजूला लाइट खराब होता."

"बरं. सांगते हं माशांना, लाइटमध्ये येऊन बसा म्हणून."

रुबिना खुदकन हसली आणि लगेच रडायला लागली. टीचर आत गेल्या आणि तिघांसाठी सुकेळी घेऊन आल्या. उन्हात वाळवलेली ती केळी, केळीच्याच पानात बांधलेली. रडताना खायला बरी, कारण चावायला वेळ लागतो.

*

आता वर्गात मी चार प्रश्न देते. इथे काल काय होतं? उद्या काय होणार आहे? चौकटीच्या बाहेर काय आहे? आणि आत्ता इथे कुणी का नाही? हा शेवटचा त्या उन्हाळ्याने दिला. नवी मुलं विचारतात, चौथा प्रश्न कुठल्या पुस्तकातला? मी त्यांना बावखलावर घेऊन जाते.

पर्यावरणाच्या गोष्टीत आपल्याला मरण सापडतं ते लवकर. मरण एका फोटोत मावतं. जगणं हळू असतं, त्याला परत परत जावं लागतं, आणि परत जाण्याचे पैसे कुणी देत नाही. शिवाय भेगाळलेली जमीन आपल्या डोक्यात आधीच तयार असते. ती कुठे दिसते याची आपण वाट पाहत असतो. वसईत ती दिसते तेव्हा बहुतेक कुणीतरी तळं साफ करायला काढलेलं असतं, हे वसईकराला सांगावं लागत नाही. पण आम्ही बाकीचे वसईत राहतो, वसईकर होतोच असं नाही.

तर त्या दोघांनी ठरवलं की रोज यायचं. मी एवढंच सुचवलं की जागा तीच ठेवा, उंची तीच ठेवा. तन्मयने ज्या जागी पोटावर झोपून पहिला फोटो काढला होता तिथे एक वीट ठेवली. ईस्टरनंतर लग्नांचा मोसम, त्याला एक दिवस मोकळा नाही. तो सकाळी कामाच्या कपड्यांतच यायचा. अंगात काळा कोट, गळ्यात लग्नाच्या कंपनीचं ओळखपत्र, आणि गाळाच्या काठावर पालथा. वाडीतल्या बायका त्याला 'नवरदेव' म्हणू लागल्या. "नवरदेव, आज वरात कुठं?"

आणि मग ते दिसायला लागलं. साफ झालेल्या अर्ध्या भागात आधी एक काळसर ठिपका. दुसऱ्या दिवशी तो तळहाताएवढा झाला, चकाकू लागला. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता, वैशाखाचं ऊन विहिरीच्या कठड्यावर हात ठेवू देत नव्हतं, आणि या अर्ध्या तळ्यात खालून पाणी वर येत होतं. गाळ निघाला होता, झऱ्यांची तोंडं मोकळी झाली होती. एवढंच. पण ते बघताना मी माझ्या दिवसभराच्या कामांचा कागद पिशवीतून काढलाच नाही. एका सकाळी तिथे खंड्या येऊन बसला. पलीकडचा अर्धा भाग मात्र तसाच, करपलेल्या भाकरीसारखा.

एका चौकटीत दोन तळी. तन्मय कॅमेऱ्यातून डोळा काढून म्हणाला, "मॅडम, हे तर स्वतःच बोलतंय."

रुबिनाने वेगळंच काहीतरी शोधून काढलं. तिच्या इमारतीला उन्हाळ्यात टँकर येतो. तिने टँकरवाल्याला विचारलं, पाणी भरतोस कुठून? त्याने ज्या विहिरीचं नाव सांगितलं ती टीचरांच्या वाडीपासून दोन वळणांवर. ती संध्याकाळी माझ्याकडे आली, दारातच उभी. "मॅडम, मी जे पाणी पिते ना, ते इथूनच मुरून येतंय. आणि मीच लिहिलं, मेलं म्हणून."

"मग आता काय लिहिणार?"

"पहिले तो मम्मीला सांगते."

दुरुस्तीची बातमी त्यांनी साधी केली. मागे गाणं नाही, आकाशातून घेतलेली दृश्यं नाहीत. सगळ्यात वर तोच जुना फोटो, आणि खाली, 'हा फोटो आम्ही काढला. तळं तेव्हा साफसफाईसाठी रिकामं केलं होतं आणि गाव चर्चमध्ये होतं. आम्ही कुणाला विचारलं नाही.' त्याखाली रोजचे फोटो, ओळीने. डॉमनिकचं नाव कुठेही घातलं नाही.

ती फार थोड्यांनी पाहिली. मला नवल वाटलं नाही. टेबलावरच्या नोकरीत एक गोष्ट पक्की कळली आहे, चुकीला पाय असतात, दुरुस्तीला हात धरून न्यावं लागतं. म्हणून टीचर आणि रुबिना ओट्यावर बसून एकेकाला फोन लावू लागल्या. कुवेतचा पुतण्या म्हणाला बघतो. मुंबईतले म्हणाले, डॉमनिकशी बोलून सांगतो. कॅनडात फिलोमिनाने फोन उचलला तेव्हा तिच्याकडे सकाळ होती आणि ती कामावर निघाली होती.

रुबिनाने मोबाइल पाण्याकडे धरला. पलीकडून आवाज आला, "जसू, पायऱ्या दाखव गो."

रुबिना पायऱ्या उतरली.

"अजून खाली. ती, त्या दगडाला कोपरा नाही ना? माझी हनुवटी फुटलेली तिथं. केळीचं खोड धरून पोहायला शिकवत होतीस तू मला, आणि सोडलंस."

"तू सोडलंस," टीचर म्हणाल्या. "मी नाही."

"तूच सोडलंस. मला आठवतंय." मग म्हणाली, "मी तो अंगठा काढते. कसा काढायचा पण?"

रुबिनाने समजावलं, कसा काढायचा ते.

*

बैठक रविवारी चर्चमधली मिस्सेची प्रार्थना झाल्यावर टीचरांच्या ओट्यावर बसली. मला आणि त्या दोघांना बोलावलं होतं, पण बोलायचं नाही या अटीवर. डॉमनिकला मी तेव्हा प्रथम नीट पाहिलं. मला वाटला होता तसा तो नव्हता. दमलेला, चाळिशीचा माणूस. मिस्सेच्या इस्त्रीच्या शर्टात घामेजलेला.

"आते, मला कोणी व्हिलन समजू नका," त्याने सुरुवात केली. "मम्मीला गेल्या वर्षी डेंग्यू झाला, हॉस्पिटलात मी धावलो. डास कुठून आले? इथूनच. साफ कोण करणार? ही सगळी तिकडून हार्ट पाठवणार. फिली आते येणार का कॅनडाहून घमेलं उचलायला?"

प्रश्न बरोबर होता. पर्यावरणाच्या गोष्टीत हा प्रश्न विचारणारा माणूस आपण नेहमी कापून टाकतो, तोही लाइट नसलेल्या कोपऱ्यात उभा असतो.

टीचर म्हणाल्या, "ती नाही येणार. तू ये."

"मी?"

"मासे असले की डासांची पोरं राहत नाहीत, हे तुला तुझ्या बापाने शिकवलं नाही, तर ती चूक माझ्या भावाची. मासे आहेत कोपऱ्यात. त्यांना तळं हवंय. पाऊस यायच्या आत दुसरा अर्धा निघाला पाहिजे. ज्यांना भरायचं नाही त्यांनी गाळ उचलायचा, ज्यांना भरायचं होतं त्यांनीपण. तिकडची घरं मजुरी पाठवतील, मी सगळ्यांना कळवलंय. पुढच्या ईस्टरला परत बसू. तेव्हाही तुला वाटलं भरावं, तर मी आडवी येणार नाही."

डॉमनिकने मोबाइलमध्ये पाहिलं. ग्रुपवरून कुवेतचं 'भरून टाका'ही गेलं होतं. त्याने मोबाइल खिशात टाकला.

"ठीक आहे. येतो. पण एक सांगतो." तो तन्मयकडे वळला. "फोटो काढायचा नाही. एकाने मेलं म्हणून टाकलं, मग जिवंत म्हणून टाकलं, आणि बाजारात लोक मला विचारतात, तळं बुजवणारा तूच ना? माझा फोटो नको."

"नाही काढणार, दादा," तन्मय म्हणाला.

*

पुढच्या ईस्टरला बैठक बसली का, असं यंदाच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं. बसली. भरायचा विषय कुणी काढला नाही. डॉमनिकने पंपाच्या दुरुस्तीचा काढला. तन्मय अजून लग्नंच करतो, म्हणजे इतरांची, पण पावसाआधी आमच्या वर्गाला एक दिवस देतो आणि नवरीच्या मागे काय आहे ते बघायला शिकवतो. रुबिनाच्या चॅनलवर एक साधी पाटी आहे, 'आमचं काय चुकलं', आणि ती रिकामी नसते. सगळं छान झालं असं म्हणणार नाही. त्याच रस्त्यावरची दोन बावखलं त्यानंतर बुजली आणि आम्ही काही करू शकलो नाही. पण सातिवलीत कारखान्याच्या गाळ्यात काम करणाऱ्या एका घराने आपल्या जुन्या बावखलातला राडारोडा काढायला घेतला आहे, यंदाची मुलं तिथे रोज जातात, आणि मला संध्याकाळी एकच निरोप येतो, आज एवढं निघालं.

मी ज्याच्यासाठी हे लिहायला बसले तो दिवस मात्र त्या पहिल्याच उन्हाळ्यातला, वैशाखाच्या अखेरचा. ढग अजून आले नव्हते, हवा नुसती तुंबली होती. तन्मयने कॅमेऱ्याची पिशवी टीचरांच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर ठेवली. मोबाइलही ठेवले, कारण वचन म्हणजे वचन. मग सगळे आत उतरले. मजूर, पाच घरांतली होती तेवढी माणसं, आमचा वर्ग, आणि डॉमनिक, जुन्या हाफ पँटमध्ये.

तन्मयच्या हातात कुदळ बघून तो ओरडला, "अरे ए नवरदेव, हार घालतोस काय? खाली धर, खाली!" आणि स्वतः जाऊन त्याची मूठ सरकवून दिली. मला घमेल्यांच्या रांगेत उभं केलं होतं. माझ्या पुढे रुबिना, मागे टीचर. घमेलं येई, जाई. टीचर मध्येच रांग थांबवून हात धुऊन येत आणि सगळ्यांना कोकमाचं सरबत पाजत. भेगांचा तो पापुद्रा ढेकळाढेकळाने निघून केळीच्या बुंध्याशी जात होता. खालचा गाळ काळा, लोण्यासारखा. दुपारनंतर नुसता कुदळींचा आणि श्वासांचा आवाज.

तेवढ्यात डॉमनिक थांबला. गुडघ्यापर्यंत गाळात, कुदळ टेकून, मान खाली.

"काय झालं रे?" टीचरांनी वरून विचारलं. "लागलं?"

"नाही." त्याने एक पाय उचलला, पुन्हा ठेवला. "गार लागतंय, आते. खाली काहीतरी हलतंय."

सगळे त्याच्याभोवती जमलो. त्याच्या पावलाशेजारी गाळ फुटत होता आणि स्वच्छ पाण्याची बोटभर धार वर येऊन गोल फिरत होती. तो वाकला, ओंजळ भरली, नाकाशी नेली, आणि चव घेतली. मग असा हसला की बैठकीतला तो दमलेला माणूस कुठे गेला ते कळेना.

"गोड आहे!" तो ओरडला. "अरे, मोबाइल कोणाकडे आहे? फोटो काढा रे कोणीतरी! फिली आतेला पाठवतो. काढा ना!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी आपापले हात वर केले, बोटांपासून कोपरापर्यंत काळे, ठिबकणारे. मोबाइलला हात लावण्याजोगा एकही नव्हता.